चपलेला कान असतात

22 जून 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीची पोरं कोल्हापुरीसारखी चप्पल घालून चालली आणि आठवड्याभरात आपल्या चपलेला टीव्हीवर आठ-आठ वकील मिळाले. पडद्यावर आठ चौकटी, आठ तोंडं, सगळी एकदम उघडी. एकाला अस्मिता दिसली, दुसऱ्याला गुलामी, तिसऱ्याला निवडणूक. राग मलाही आला होता. 2019 पासून भौगोलिक मानांकन असलेली वस्तू नाव न घेता उचलायची, हे वाईटच. पण तासभर ऐकलं, तरी एकाच्याही तोंडून ‘कापशी’ हे चपलेच्या प्रकाराचं नाव निघालं नाही. पुकारी नाही, कुरुंदवाडी नाही.

कातडं कुठनं येतं, हेही कुणी विचारलं नाही. 2015 च्या कायद्यानं राज्यात बैलांची कत्तल बंद झाली, तेव्हापासून कातड्याची ओढाताण आहे. कोल्हापुरात चपला जिथं होतात त्या सुभाषनगरात जाऊन कुणालाही विचारा. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमवायला किती दिवस जातात, चपलेची वेणी घालणाऱ्या बाईच्या हातावर जोडामागं काय पडतं, हे विचारायचं तर आधी गप्प बसून ऐकावं लागतं. तेवढं सोडून बोला!

आणि याला ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हणू नका. आमच्या गुऱ्हाळात गुळव्या काहिलीपाशी उभा असतो, मळी काढून टाकतो आणि शेवटी गुळाची ढेप निघते. इथं मळीच वाढते, आणि ब्रेकनंतर पुन्हा तीच.

या आरडाओरड्यावर औषध आमच्याच मातीत आहे. तमाशातला सोंगाड्या! पट्टण कोडोलीच्या शंकर पाटलांच्या वगनाट्याचं नावच ‘कथा अकलेच्या कांद्याची’. वगातला सोंगाड्या राजाची खोडी काढतो ती राजा शेजारी उभा असताना. समोर पब्लिक. नेम चुकला की जागेवर हुर्यो. म्हणून त्याला पाटाचं पाणी कुणी अडवलं, कारखान्यानं उसाला काय दर दिला, सगळं पाठ ठेवावं लागतं. टवाळी करायची तर माहिती लागते. ओरडायला नुसता घसा पुरतो.

डिसेंबर 2025 मध्ये आपलं चर्मोद्योग महामंडळ लिडकॉम, कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर आणि प्राडा यांचा करार झाला. दोन हजार जोड, एक जोड सुमारे 800 युरोला. यातलं कारागिराच्या घरात किती येणार? खरं भांडायचं ते इथं होतं. तोवर आठही तोंडं दुसऱ्या विषयाला लागली होती.

त्या आठांत मला नववी चौकट हवी आहे. तिथं सोंगाड्याला बसवा. त्यानं कापशीचा जोड टेबलावर ठेवावा आणि पहिल्याच तज्ज्ञाला म्हणावं, “सायेब, ह्येचा कान कंचा, तेवढं दावा. मग बोलू.”