साडेबासष्ट रुपयांचा परदेश

नेपाळ हा परदेश आहे, हे मराठी प्रवाशाला नाक्यावर पोचल्यावर कळतं. तोवर तो पशुपतिनाथाला निघालेला असतो आणि पशुपतिनाथ त्याच्या हिशेबात त्र्यंबकेश्वरापासून सरळ वर गेलं की लागतो. व्हिसा लागत नाही, हिंदी चालते, दुकानदार आपले रुपये घेतो. एवढं सगळं असताना मध्येच एक खाकी माणूस हात आडवा करून ‘बॅगेत काय आहे?’ असं विचारतो, तेव्हा आपल्या मंडळींना राग येत नाही, वाईट वाटतं. घरच्या माणसाने जेवायला बोलावून दारात खिसे तपासावेत, तसं.

ही सगळी सोय ३१ जुलै १९५० च्या कराराची. काठमांडूत त्यावर सह्या झाल्या. नेपाळकडून सही केली तिथले पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी, आणि भारताकडून आपल्या राजदूताने. त्यांच्या पंतप्रधानाला आपला राजदूत पुरतो, हा त्या दिवशी घालून दिलेला पायंडा आपल्या पर्यटकांनी पुढे इमानाने चालवला आहे. समोर कितीही फुल्यांचा अधिकारी असो, आपण त्याला ‘ए भाऊ, जरा जल्दी करो’ असंच म्हणतो.

दोन देशांमधली ही सीमा १,७५१ किलोमीटरची. बहुतेक ठिकाणी कुंपण नाही, भिंत नाही. भाताच्या खाचराचा बांध ओलांडला की देश बदलतो. म्हैस एका देशात बांधलेली असते, चरायला दुसऱ्या देशात जाते आणि दूध देताना कोणत्या देशाची हे तिला कुणी विचारत नाही. आपल्या बाजूला २००१ पासून सशस्त्र सीमा बल उभं आहे, पलीकडे त्यांचं सशस्त्र प्रहरी बल. तरीही झडती द्यायची असेल तर नाक्यावरच यावं लागतं. म्हणजे ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याचीच तपासणी व्हावी अशी चोख व्यवस्था आहे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यंदा दसऱ्याच्या सुमारास या व्यवस्थेतून गेले. बसमध्ये मीही होतो. सहलवाल्यांनी आचारी, शेगड्या, तांदळाची पोती आणि गोड्या मसाल्याचे डबे असा जामानिमा बरोबर घेतला होता, कारण जगात कुठेही गेलं तरी वरणभात मिळालाच पाहिजे, यालाच आपण जग बघणं म्हणतो. सेक्रेटरींनी स्वतःचा बंदोबस्त निराळा केला होता: भडंग, खाकरे, दाण्याची चटणी आणि एका जुन्या हॉर्लिक्सच्या बाटलीत मेतकूट.

पहिली अडचण ओळखपत्राची आली. सेक्रेटरींनी आधार कार्ड पुढे केलं. बँकेला, गॅसला, मोबाइलला, शाळेला जे चालतं ते नेपाळला चालत नाही, हे त्यांना पटेना. पासपोर्ट हवा, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. मात्र पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्ट वर्षांवरच्या माणसांना २०१९ पासून आधार चालतं. सेक्रेटरींचं वय चौसष्ट. सोसायटीच्या प्रत्येक सभेत ‘मी ज्येष्ठ आहे’ असं बजावणाऱ्या या गृहस्थांना त्या दिवशी प्रथमच आपण कमी ज्येष्ठ असल्याचं दुःख झालं. शेवटी वहिनींच्या पर्समधून सेक्रेटरींचं मतदार कार्ड निघालं. त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा यांत काही नातं आहे, हे अधिकाऱ्याने उदार मनाने मान्य केलं.

नाका ओलांडला आणि सेक्रेटरी एकदम श्रीमंत झाले. भारताच्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ, हा भाव १९९३ पासून बांधलेला आहे. इतक्या वर्षांत जगात काय काय कोसळलं, पण हा भाव हलला नाही. त्यामुळे आपल्याकडे ‘महाग आहे’ म्हणणारा माणूस तिथे ‘म्हणजे आपले किती?’ असं विचारून लगेच ‘स्वस्त आहे’ म्हणतो. घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. सेक्रेटरींनी ते केलं नाही. एवढ्याशा देशाने आपल्या पुढे असावं, हे त्यांना तत्त्वतः मंजूर नव्हतं. परिणामी काठमांडूत दर सकाळी बस पंधरा मिनिटं त्यांची वाट बघत थांबायची.

नोटांचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. २०१६ साली आपण एका रात्रीत पाचशे-हजारच्या नोटा बाद केल्या, त्या नेपाळात लोकांच्या गाद्यांखाली आणि त्यांच्या राष्ट्र बँकेच्या तिजोरीतही पडून राहिल्या. आमच्या बाद नोटा बदलून द्या, म्हणून ते विचारत राहिले आणि आपण विचार करत राहिलो. पोळलेल्या नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये भारताच्या शंभरावरच्या नोटांना बंदी घातली. त्यानंतर कैक सहलींत मराठी माणूस शंभराच्या नोटांचं पुडकं कमरेला बांधून हिमालय पाहत होता. दिसायला तो वसुलीला निघाल्यासारखा दिसे.

आता मेतकुटाचं. बसचा भन्सार भरून झाला. तिकडे कस्टमला भन्सार म्हणतात. परक्या गाडीला जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचा तो भरावा लागतो आणि पावती जिवापाड जपावी लागते, कारण पुढे प्रत्येक चौकीवर तीच दाखवायची असते. एवढं झाल्यावर एका तरुण अधिकाऱ्याने सहज म्हणून सेक्रेटरींची पिशवी उघडली. बाटलीत पिवळी पूड. त्याने वास घेतला. मग दुसऱ्याला बोलावलं, त्याने वास घेतला. ‘यह क्या है, हजुर?’ सेक्रेटरी म्हणाले, ‘मेतकूट.’ ‘वह क्या होता है?’ इथे सेक्रेटरींच्या हिंदीने मान टाकली. ‘देखो, चने की डाल होती है ना, उसको भाजने का, फिर गेहूं, फिर हिंग... बीमार आदमी को देते हैं.’ ‘तो दवाई है?’ ‘दवाई नहीं, भात के ऊपर.’ ‘पूजा का है?’ यावर मागून वहिनी ‘हां, पूजा का है’ म्हणाल्या आणि बाटली सुटली. सीमेवर धर्म कधी आडवा येत नाही, उलट पिशव्या सोडवतो.

पण खरी झडती आमची नव्हतीच. शेजारच्या रांगेत तराईतल्या बायाबापड्या उभ्या होत्या. अलीकडच्या बाजारातून साखर, मीठ, तेल, पोरांचे कपडे घेऊन सायकलवरून घरी चालल्या होत्या. नेपाळच्या कायद्यात एक जुनं कलम आहे: भारतातून आणलेला माल शंभर नेपाळी रुपयांच्या वर गेला की जकात. शंभर नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट. हे कलम बराच काळ कागदावर झोपलं होतं, २०२३ मध्ये त्याला उठवून नाक्यावर उभं केलं, तेव्हा सीमेवरच्या गावांत मोठी बोंब झाली. साडेबासष्ट रुपयांत हल्ली पिशवीही भरत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन किलो साखर ही आयात आणि ती आणणारी बाई आयातदार. तिच्या सायकलला मागे लावलेली कापडी पिशवी अधिकाऱ्याने अशी उघडली, जणू आत एखादं बंदर असावं.

मोठ्या मालाची मात्र अशी विटंबना होत नाही. नेपाळात सोयाबीन पिकतं ते तिथल्या स्वयंपाकघरांनाही पुरत नाही, आणि तरीही काही वर्षी त्यांच्या निर्यातीत पहिला नंबर सोयाबीन तेलाचा. हे तेल कच्चं येतं अर्जेंटिना, ब्राझीलसारख्या देशांतून, जहाजातून उतरतं भारताच्या बंदरात, भारतातूनच नेपाळला जातं, तिथे शुद्ध होतं, नेपाळी होतं आणि दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या सवलतीत जकात न भरता पुन्हा भारतात येतं. गंगेत बुडी मारून पाप धुण्याची पद्धत आपल्याला माहीत होती, तेलाने ती पशुपतिनाथाच्या बागमतीत शोधली. पाम तेलाचंही असंच चाललं होतं, जानेवारी २०२० मध्ये आपण शुद्ध पाम तेलाच्या आयातीवर बंधनं घातली तेव्हा तो ओघ जरा आटला. लातूरच्या सोयाबीनवाल्याने भाव का पडला म्हणून विचारलं, तर त्याला आंतरराष्ट्रीय बाजाराकडे बोट दाखवतात. या तेलाचे सगळे कागद बरोबर असतात. त्याचा वास कुणी घेत नाही.

पेट्रोलने तर याच्याही पुढचं नाटक केलं. नेपाळ आपलं पेट्रोल-डिझेल इंडियन ऑइलकडून घेतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारीपासून अमलेखगंजपर्यंत एकोणसत्तर किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली, दोन्ही पंतप्रधानांनी मिळून तिचं उद्घाटन केलं. पुढे २०२१ मध्ये आपल्याकडे करामुळे पेट्रोल इतकं महागलं की तेच पेट्रोल नेपाळात बरंच स्वस्त पडू लागलं. मग बिहारमधली माणसं कॅन घेऊन सायकलीवरून पलीकडे निघाली. आपल्याकडून गेलेलं पेट्रोल कॅनमधून माहेरी येऊ लागलं. जाताना तो द्विपक्षीय सहकार्याचा टप्पा होता, येताना तस्करी.

काठमांडूची खरेदी हा मागच्या पिढीचा हळवा विषय. १९९१ च्या आधी, आपल्याकडे घड्याळही सरकारच्या मर्जीने मिळायचं त्या काळात, न्यू रोडवर जपानी टेपरेकॉर्डर, कॅसेटी, छत्र्या, जीन्स मिळत. येताना बाया दोन-दोन स्वेटर चढवत आणि पुरुष दोन्ही मनगटांवर वेळ बघत. तराईच्या उन्हात स्वेटर घालून घामाघूम झालेल्या त्या पर्यटकांकडे बघून अधिकारी विचारत, ‘थंडी वाजतेय का?’ आता ती मजा गेली. हल्ली आपली मंडळी रुद्राक्ष आणि शाळिग्राम आणतात. आमच्या बसमध्ये एकमुखी रुद्राक्ष इतके निघाले की हिमालयात एकाहून जास्त मुखांचा रुद्राक्ष होतो की नाही, याची शंका यावी.

परतताना आपल्या बाजूला झडती झालीच नाही. अधिकाऱ्याने बसच्या दारातून डोकावून ‘कहां से?’ विचारलं, सेक्रेटरी ‘महाराष्ट्र’ म्हणाले, तो ‘जाओ’ म्हणाला. सेक्रेटरींना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथेच पांढरे-पांढरे ढग पाहत देशभक्तीवर दोन वाक्यं बोलून घेतली. बोलत असतानाच त्यांना समोरच्या, पलीकडे जाणाऱ्या रांगेत ओळखीचा चेहरा दिसला. आमचा वॉचमन. दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, गावी निघाला होता. सोसायटीत त्याला सगळे बहादूर म्हणतात. त्याचं नाव काय, याचा तपास अजून कुणी केलेला नाही. त्याच्या पुढ्यात एक मिक्सर, दोन ब्लँकेट, प्रेशर कुकर आणि मुलीसाठी गुलाबी सायकल. वर्षभराची कमाई रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलेली आणि नेपाळी अधिकारी तिच्यासमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला. मिक्सरची पावती हवी होती. मिक्सर आमच्याच सोसायटीतल्या एका बाईंनी दिलेला, जुना. दानाची पावती असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आमच्याकडे बघून हसला. आम्हीही हात केला, बसमधून.

गावी आल्यावर सेक्रेटरींनी वार्षिक सभेत नेपाळ सहलीवर बोलायला वेळ मागितला. पशुपतिनाथावर दोन मिनिटं बोलले, सीमेवरच्या शिस्तीवर वीस. ‘प्रत्येक पिशवी उघडतात हो,’ असं म्हणताना त्यांचा चेहरा कौतुकाने उजळला होता. मग त्यांनी ठराव मांडला: यापुढे घरकामाच्या बायका सोसायटीतून बाहेर पडताना गेटवर त्यांच्या पिशव्या तपासाव्यात, आत काही वस्तू आढळल्यास ज्या घरातून दिली त्या घराची चिठ्ठी मागावी, चिठ्ठी नसल्यास वस्तू ठेवून घ्यावी. काम वॉचमनने करायचं. ठराव बहुमताने मंजूर झाला. एका बाईंनी हळूच विचारलं, कालच्या उरलेल्या पोळ्या दिल्या तरी चिठ्ठी लागणार का? सेक्रेटरींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, साडेबासष्ट रुपयांपर्यंत नको.

रजिस्टर आणलं आहे. पेन दोरीने बांधला आहे. वॉचमन महिनाअखेरीस परततोय. त्याच्या पगारातून जास्तीच्या रजेचे पैसे कापायचे की नाही, हा विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.