हललेल्या फोटोंविषयी, डॅलसहून

डॅलस, टेक्सास

तीर्थरूप बाबा आणि आई (मिरज) यांस,

‘फोटो हललाय’ हा मराठी घरांतला शेरा दोन वेगवेगळ्या दोषांना एकच नाव देतो. पहिल्या दोषात फोटो काढणाऱ्याचा हात हलतो. मग गोलपोस्ट, दिवे, प्रेक्षक आणि शाळेकडून अमेरिकन फुटबॉल खेळणारा नातू असे सगळेच एका बाजूला फरफटत गेल्यासारखे दिसतात. दुसऱ्यात हात स्थिर असतो, पण समोरचा माणूस धावत असतो. मग गवताची पाती मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ येतात आणि नातवाचा तेवढा धूर होतो. मिरजेहून गेल्या महिन्यात ज्या चौदा फोटोंवर हा शेरा आला, त्यांतले अकरा दुसऱ्या प्रकारचे होते आणि दोन पहिल्या. उरलेला एक अजिबात हललेला नव्हता, पण त्यात नातू नव्हता. तो शेजाऱ्यांचा मुलगा होता. आजीने त्याचीही दृष्ट काढल्याचे फोनवरून कळले.

पहिल्या दोषावर लेन्समधली कंपन रोखणारी सोय चालते, किंवा एका पायाचा स्टँड. दुसऱ्यावर या दोन्हींचा काडीचाही उपयोग नाही. तिथे शटरचा वेगच वाढवावा लागतो. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला सुमारे ८ मीटर जातो. शटर १/६० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो १३ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे नाकाच्या जागी कान येतो. १/१००० सेकंदात तो ८ मिलिमीटरच सरकतो आणि नाक नाकाच्या जागी राहते. अमेरिकन फुटबॉलसाठी १/५०० ही खालची मर्यादा समजावी, आणि १/१००० मिळाले तर देव पावला.

हा वेग दिवसा फुकट मिळतो, रात्री मोजून घ्यावा लागतो. अडचण अशी की अमेरिकेत शाळांचे सामने शुक्रवारी रात्री होतात; शनिवार कॉलेजांचा आणि रविवार व्यावसायिक संघांचा असतो. टेक्सासमध्ये या शुक्रवारचे प्रस्थ आपल्याकडच्या जत्रेइतके आहे. डॅलसजवळच्या ॲलन गावात २०१२ साली एका शाळेसाठी १८,००० आसनांचे स्टेडियम उभे राहिले, खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. तरीही तिथल्या दिव्यांखाली डोळ्यांना जो लखलखाट वाटतो, तो कॅमेऱ्याच्या हिशेबी संध्याकाळच ठरतो.

फ्लॅशने हा प्रश्न सुटेल, असे प्रत्येक नवख्या बापाला पहिल्या सामन्यात वाटते. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३४ मध्ये विजेच्या क्षणिक लखलखाटात वेस फेस्लर या खेळाडूची किक टिपली होती. त्या फोटोत बूट चेंडूत रुतलेला दिसतो. पण तिथे चेंडू हाताच्या अंतरावरच म्हणायचा. अंतर चौपट झाले की फ्लॅशचा उजेड सोळाव्या हिश्शावर येतो. गॅलरीतून मारलेला फ्लॅश मैदानापर्यंत पोचत नाही. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचे टक्कल तेवढे उत्तम उजळते, आणि ते गृहस्थ मागे वळून पाहतात.

उरतात दोन मार्ग: मोठ्या तोंडाची लेन्स आणि जास्त आयएसओ (उजेड टिपण्याची वाढीव संवेदनशीलता). कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स पूर्ण लांबवली की तिचे ॲपर्चर (आकडा लहान, तितके तोंड मोठे) ५.६ वर येते. २.८ ची लेन्स तिच्या चौपट उजेड आत घेते. तिचे वजन दीड किलोच्या आसपास असते आणि नव्या लेन्सची किंमत दोन हजार डॉलरच्या वर जाते. त्यामुळे डॅलसच्या घरातील अर्थखात्याने हा प्रस्ताव पुढच्या अधिवेशनापर्यंत तहकूब ठेवला आहे. दुसरा मार्ग बिनपैशाचा. आयएसओ ३२०० किंवा ६४०० केला की फोटोवर रवा भुरभुरल्यासारखे दाणे येतात. ते सोसावेत. रवा पडलेला नातू ओळखू येतो, धूर झालेला येत नाही. सप्टेंबरात डॅलसला सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, म्हणून सामन्याआधीचा सराव आणि पहिली काही मिनिटे सोन्यासारखी असतात. बाप लोक नेमके तेव्हा नाचोच्या रांगेत असतात.

दिव्यांचा आणखी एक खोडसाळपणा आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने जुन्या पद्धतीचे मैदानी दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात (भारतात १०० वेळा). डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळते. लागोपाठच्या तीन फोटोंत नातू एकदा पिवळा, एकदा हिरवट आणि एकदा ठीक दिसतो. ती कावीळ नव्हे. नव्या कॅमेऱ्यांत हे टाळण्याची सोय असते, ती चालू करावी.

फोकसचे खाते असेच. कॅमेरा मुळात स्थिर वस्तूसाठी लावलेला असतो: बटण अर्धे दाबले की तो अंतर पक्के करतो. अर्ध्या सेकंदाने शटर पडते, तोवर खेळाडू चार मीटर पुढे गेलेला असतो आणि फोकस त्याच्या जुन्या पत्त्यावर राहतो. सतत फोकस करत राहण्याची सोय वेगळी निवडावी लागते. कॅनन तिला सर्वो म्हणते, इतर बहुतेक एएफ-सी. ही एक कळ डॅलसच्या बापाला चौथ्या सामन्यात सापडली. आधीच्या तीन सामन्यांचा विषय इथे वाढवण्याचे कारण नाही.

एवढे सगळे जमले तरी नातू फोटोत येईलच असे नाही, आणि खरा विषय इथून सुरू होतो. सगळे मार्गदर्शक सांगतात, चेंडूवर नजर ठेवा. नातवाच्या बाबतीत हा सल्ला घातक आहे. त्याचा क्रमांक ६४, जागा गार्डची. चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीत ५० ते ७९ या क्रमांकांची मुले असतात, आणि पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार नियमानेच त्यांना नसतो. ‘आपल्या बाळाला चेंडू का देत नाहीत?’ या मिरजेच्या प्रश्नात भेदभावाची जी शंका आहे, ती म्हणूनच निराधार आहे. चेंडूवाल्याला वाट करून देणे हेच गार्डचे काम. तरुणपणी कबड्डीत कोपरा सांभाळलेल्या आजोबांना हे वेगळे सांगायला नको. मैदानाभोवतीचे सगळे चढाई करणाऱ्याकडे बघत असतात, आणि घोटा कुणी धरला हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

गार्डचा चेहरा टिपायला सगळ्यात सोपा क्षण डाव सुरू होण्याआधीचा असतो. फळीतली मुले दोन पाय आणि एक हात अशा तीन टेकूंवर वाकतात. एकदा हात टेकला की चेंडू मागे दिला जाईपर्यंत त्यांनी हलायचे नाही. हलले तर संघाला ५ यार्डांचा दंड. म्हणजे ज्या खेळात डाव सुरू झाला की कुणी क्षणभर थांबत नाही, त्यात ६४ क्रमांक नियमाने पुतळा होतो आणि १/२५० चा वेगही पुरतो. मात्र त्यासाठी फोटो काढणाऱ्याने एक गुडघा टेकून खाली यावे. उभ्याने किंवा गॅलरीच्या वरच्या रांगेतून बावीस हेल्मेटांची टाळकी दिसतात. खालून हेल्मेटच्या जाळीमागचे डोळे दिसतात आणि मागे वाहनतळाऐवजी काळे आकाश येते. मैदानाच्या कडेला जायला शाळेची परवानगी लागते. ती नसेल, तर सगळ्यात खालच्या रांगेचा कोपरा पकडावा. मध्ये तारेची जाळी आली, तर लेन्स जवळजवळ तिला टेकवून ॲपर्चर पूर्ण उघडावे. जाळी फोटोतून नाहीशी होते.

उभे कुठे राहावे, हे डाव कोणत्या दिशेला चालला आहे त्यावर ठरते. चेंडू जिथे ठेवला आहे, त्याच्या पंधरा-वीस यार्ड पुढे जाऊन थांबावे, म्हणजे पाठी न दिसता तोंडे दिसतात. मैदानाच्या मधल्या भागातली कडेची जागा खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या ताब्यात असते, तिथे घुसू नये. खेळ त्या भागाच्या पलीकडे सरकला की जागा मोकळी मिळते.

आता ‘स्वीप’. या डावात गार्ड समोरच्याला धडक न देता फळीतून मागे सुटतो, आडवा धावत बाहेर येतो आणि चेंडूवाल्याच्या पुढे राहून वाट साफ करतो. १९६० च्या दशकात ग्रीन बे पॅकर्स या संघाने याच डावावर दबदबा बसवला. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे त्यांचे दोन गार्ड त्यामुळे प्रसिद्ध झाले. कडेला गुडघा टेकून बसलेल्या बापासाठी ही पर्वणीच असते, कारण मुलगा आणि चेंडू एकाच चौकटीत, तोंडे कॅमेऱ्याकडे करून येतात. स्वीप येणार हे आधी ओळखण्याची खूण टेकलेल्या हातात असते. पुढे धडक द्यायची असेल, तर अंगाचा भार हातावर येऊन बोटांची पेरे पांढरी पडतात. बाजूला सुटायचे असेल, तर हात नुसता गवताला लावल्यासारखा दिसतो. समोरचा संघही हेच वाचत असतो, म्हणून हुशार गार्ड दोन्ही वेळा सारखाच वाकतो. नातू अजून तितका हुशार नाही. प्रशिक्षकांना त्याची चिंता आहे, छायाचित्रणाला मात्र हे फार सोयीचे पडते.

या डावात एक डोळा कॅमेऱ्याबाहेर उघडा ठेवावा. चौकट भरली की शेवटचा फोटो न काढता उठून पळावे. गार्ड आणि चेंडूवाला या दोघांचे मिळून दीडशे किलोच्या वर वजन कडेची रेषा पाहून थांबत नाही.

आजोबांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बारा फोटो बसत. त्यामुळे सगळा विचार बटण दाबण्याआधीच करावा लागे. हल्लीचा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो आणि एका शुक्रवारी अकराशे जमतात. शनिवारची सकाळ ते पुसण्यात जाते. स्वीपची खूण कळल्यापासून आकडा तीनशेवर आला आहे, आणि ठेवण्याजोगे फोटो दोनावरून नऊवर गेले आहेत.

शिट्टी वाजल्यावर कॅमेरा खाली ठेवू नये. १९६४ मध्ये पिट्सबर्गच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्सचा वाय. ए. टिटल धडक खाऊन गुडघ्यांवर बसला होता, हेल्मेट गेलेले, टकलावरून रक्ताचे ओघळ. मॉरिस बर्मन यांनी तो क्षण टिपला. त्यांच्या स्वतःच्या वर्तमानपत्राने तो छापला नाही, पण या खेळातल्या सर्वांत नावाजलेल्या फोटोंत तो आज गणला जातो. आजीने रक्ताच्या उल्लेखाने घाबरू नये. नातवाच्या बाबतीत शिट्टीनंतर चिखल, पाण्याची बाटली आणि हेल्मेट काढल्यावर उभे राहिलेले केस, एवढेच सापडते. शिवाय चेहरा पूर्ण दिसण्याची वेळ ती एकच.



आपला,
धाकटा

ता. क. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो आकसतो आणि मोठा छापला की पुन्हा ‘हललेला’ दिसतो. म्हणून सोबतचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला आहे; कातरूनही तो ३००० बाय २००० पिक्सेलचा आहे, दहा इंचांच्या चौकटीत नीट बसेल. ६४ क्रमांक पुढचा, तोंड उघडे असलेला. त्याच्या मागे चेंडू घेऊन धावणारा, तो शेजाऱ्यांचा.