आठ हत्तींचा स्वेटर

लर्विक, शेटलंड
१६ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "झाला का गं स्वेटर?" आणि नेमकी तेव्हाच माझी रेंज जाते. पत्रात ती सोय नाही, म्हणून सगळं लिहून टाकते. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. ते लोकरीचा हिशेब मागतील.

खोडी तुझ्या नातवाची. भोंडल्याला पाटावर हत्ती काढला, त्याच्याभोवती आम्ही घरातले आणि शेजारच्या आजी मिळून फेर धरला. रात्री चिरंजीवांनी जाहीर केलं, मला हाच हत्ती स्वेटरवर हवा. शेटलंडात हजार नक्ष्या आहेत गं. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स सेंट अँड्र्यूजला इथला फेअर आयल स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि साऱ्या विलायतेत त्याची फॅशन आली. (त्यानं पुढे गादी सोडली, ती गोष्ट वेगळी.) चांदण्या आहेत, नांगर आहेत, फुल्या आहेत. हत्ती मात्र कुणाच्याच वहीत नाही. म्हणजे डिझाइन घरचंच करणं आलं.

आधी सुया. तू म्हणालीस, "दहा नंबरच्या घे, काठाला बारा नंबरच्या." मी दुकानात जाऊन दहाच्या मागितल्या, तर बाईंनी दोन लाटणी काढून हातात दिली. इथे सुई मिलिमीटरवर चालते. दहा म्हणजे १० मिलिमीटर जाड! तुझे नंबर जुने विलायती, नंबर वाढेल तशी सुई बारीक होणारे. साहेब जाताना नंबर आपल्याकडे ठेवून गेला आणि स्वतः मिलिमीटरवर आला. शेजारच्या आजींना मात्र "दहा नंबर" म्हटल्याबरोबर कळलं. त्यांनी कपाटातून ३.२५ मिलिमीटरच्या सुया काढून दिल्या. तुमचं दोघींचं फार जमेल बघ. त्याही दुसऱ्याचं विणकाम आधी उलटं करून बघतात.

आजी विणताना कमरेला चामड्याचा पट्टा बांधतात. त्यावर घोड्याचे केस ठासून भरलेली चपटी उशी, उशीला भोकंच भोकं. उजव्या सुईचं मागचं टोक भोकात खुपसलं की सुई जागची हलत नाही आणि हात मोकळा. मग बोटं अशी चालतात की टाका कधी पडला ते दिसतच नाही. मीही पट्टा बांधून बघितला. सुई जागेवर राहिली, मीच तिच्याभोवती फिरायला लागले.

आता हत्ती. नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजला. १० सेंटिमीटरमध्ये आडवे २८ टाके आणि उभ्या ३६ ओळी. हत्ती मी काढला होता चिरंजीवांच्या गणिताच्या वहीत. वहीतला चौकोन चौरस, पण टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. त्यामुळे वहीतले गजराज लोकरीत उतरले ते पार बसके, सोंड असलेलं डुक्कर. चिरंजीव म्हणाले, "आई, ह्याच्यावर कोण बसलं होतं?"

इथे तुझे जावईबापू मैदानात उतरले. दिवसभर पवनचक्क्यांची गणितं करतात. चाळकेवाडीचा वारा कमी पडला म्हणून इथल्या वाऱ्याला आलेला माणूस, त्याला हत्ती काय जड? ३६ भागिले २८. म्हणजे हत्ती वहीत सव्वापटीहून थोडा उंच काढायचा. तसा काढला. वहीत तो उंटासारखा दिसतो, लोकरीत अगदी हत्ती.

पण पोट आडवं आलं. फेअर आयलमध्ये एका ओळीत दोनच रंग; जो रंग चालू नसेल त्याचा धागा मागून जातो. हत्तीच्या पोटाचे टाके ओळीनं राखाडी, म्हणजे तेवढ्या लांबीचा पांढरा धागा मागे लोंबकळणार. सैल सोडला तर मुलाची बोटं अडकतात. ओढून धरला तर पुढून चुण्या पडतात आणि हत्ती खंगल्यासारखा दिसतो. मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्ही उसवलं. शेवटी आजींनी माझ्या चित्रावर पेन्सिलीनं हत्तीच्या पाठीवर चौकडी आखली. म्हणजे झूलच की! दर दोन-तीन टाक्यांना रंग बदलतो, त्यामुळे मागचा धागा आखूड राहतो. ह्या बाईंनी जन्मात दसऱ्याची मिरवणूक पाहिलेली नाही, आणि अडचणीतून नेमकी झूल काढली. मला तर हे सगळ्यात आवडलं.

मग घेर. छाती अधिक सैलपणा धरून ७२ सेंटिमीटर हवे, म्हणजे साधारण २०० टाके. माझा हत्ती पुढच्या मोकळ्या जागेसकट २४ टाक्यांचा. आठ हत्तींचे १९२ टाके, त्यात मुलगा मावेना. नऊ हत्तींचे २१६, त्यात तो हरवायला लागला. साडेआठ हत्ती करता येत नाहीत, करू नयेत. जावईबापूंनी एक्सेलमध्ये रंगीत तक्ते काढले. मी प्रत्येक हत्तीपुढे एक टाका वाढवला. आठ पंचवीस दोनशे. तक्ते त्यांनी जपून ठेवलेत, कशासाठी ते ईश्वराला माहीत.

बाह्यांना तो ताप झाला नाही. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या बाईंनी हिशेब सोपा करून ठेवलाय: छातीच्या टाक्यांचा पाचवा हिस्सा मनगट, साधारण तिसरा हिस्सा दंड. तू वितीनं करतेस तेच, फक्त टक्केवारीत.

पुढचं वाचण्याआधी खाली बस. इथे पाठ आणि पुढा वेगळे विणत नाहीत. सगळा स्वेटर गोल नळीसारखा विणतात, मुंढ्याच्या आणि बटणपट्टीच्या जागी थोडे जादा टाके घालतात आणि मग त्या टाक्यांच्या मधोमध सरळ कात्री चालवतात. हो, विणलेल्या स्वेटरवर. शेटलंडच्या लोकरीचे केस एकमेकांना इतके धरून बसतात की कापलं तरी टाके धावत नाहीत. तू पाठवलेली अॅक्रिलिकची लोकर गुळगुळीत आहे, तिच्यावर हे करू नये. (तिची टोपी करते, रागावू नकोस.) माझ्या पहिल्या आराखड्यात कापायची रेघ एका हत्तीच्या कमरेतून जात होती. आजींनी वेळेवर पाहिलं आणि रेघ दोन हत्तींच्या मधे सरकवली. कापताना जावईबापू दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहिले. पवनचक्कीवर १०० मीटर चढणारा माणूस!

टाके धावले नाहीत. काल स्वेटर धुऊन आजींच्या लाकडी चौकटीवर ताणून लावलाय, दोन्ही हात पसरून स्वयंपाकघरात उभा आहे. राखाडी हत्ती, पांढरी जमीन, काठ तपकिरी. तिन्ही रंग मेंढीचे स्वतःचे, डाय नाही. एका हत्तीला शेपूट नाही. ते चिरंजीवांनी आधी शोधलं आणि तोच आपला म्हणून ठरवून टाकला, त्यामुळे आता शेपूट घालूही देत नाहीत.

राजवाड्यापाशी करवंटीची बटणं मिळाली तर सहा घेऊन ठेव. आणि हो, जावईबापूंनी तक्ता पुन्हा उघडलाय. त्यांच्या हिशेबानं ते स्वतः बारा हत्तींचे निघतात. संक्रांतीपर्यंत अकरावर येतो म्हणालेत. तू लोणी-थालीपीठाच्या गोष्टी फोनवर जरा कमी कर.

बाबांना सा. न.

तुझी,
लेक