चालू होतंय, बंद होत नाहीये

रात्री साडेअकराला मी वीजबिल भरायला मोबाइल हातात घेतला आणि सव्वादोनला हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यावरून चालत जाणाऱ्या एका सांगाड्याकडे बघत बसलो होतो. मधल्या पावणेतीन तासांचा हिशोब मला देता येणार नाही. बिल अर्थातच राहिलं.

तो सांगाडा टेओ यान्सन नावाच्या डच कलावंताचा. भिंतीत वायर घालायला इलेक्ट्रिशियन ज्या प्लॅस्टिकच्या नळ्या वापरतात, तसल्या पिवळ्या नळ्यांचे पशू हा माणूस १९९०पासून बनवतोय. मोटर नाही, सेल नाही. वारा सुटला की पशू उठतो आणि डझनावारी पाय टाकत वाळूवरून चालू लागतो. पाऊल असं सहज पडावं म्हणून पायातल्या नळ्यांची लांबी किती हवी, याचे अकरा आकडे त्यानं कॉम्प्युटरकडून काढून घेतले. आमच्याही गच्चीवर कन्सील वायरिंगच्या उरलेल्या नळ्या सहा वर्षं पडून आहेत. वारा भरपूर असतो. अजून एकही उठलेली नाही.

पण मी सांगणार होतो ते पेटीबद्दल. पशूखाली दुसरा व्हिडिओ आला, तो एका लाकडी पेटीचा. पेटीवर एकच बटण. ते दाबलं की झाकण किंचित उघडतं, आतून एक हात येतो, बटण बंद करतो आणि परत आत जातो. झाकण बंद. एवढंच. मी हा व्हिडिओ एकोणीस वेळा पाहिला आणि विसाव्या वेळी पेटी मागवली. तीनला पाच कमी असताना केलेली खरेदी बायकोला कधी सांगावी याचाही एक मुहूर्त असतो. तो मी चुकवला. कुरियरवाला माझ्या आधी तिला भेटला.

"हे काय करतं?"

"बंद होतं."

"आणि?"

"आणि काही नाही."

ती काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारानंतर माणूस शब्द जपून वापरतो.

माझी बाजू भक्कम होती. ही कल्पना मार्विन मिन्स्कीची, १९५२ सालची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आद्य पुरुषांपैकी एक. आज सगळं जग त्या बुद्धिमत्तेला घाबरून आहे, आणि या गृहस्थाला सुचलं ते असं यंत्र, की ज्याला कळतं एवढंच : आपण बंद व्हावं. ते प्रत्यक्ष बनवलं क्लॉड शॅननने, बेल प्रयोगशाळेत, आणि आपल्या टेबलावर ठेवलं. हा तोच शॅनन, ज्याने १९४८मध्ये माहितीचं गणित मांडलं. त्या गणितावाचून तो पेटीचा व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आलाच नसता. हा माणूस प्रयोगशाळेच्या बोळांतून एकचाकी सायकल चालवायचा. त्याने रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणारं गणनयंत्र बनवलं, आणि ज्वाळा ओकणारा ट्रम्पेटही. आर्थर सी. क्लार्कने ती पेटी पाहिली आणि तो चांगलाच अस्वस्थ झाला म्हणतात. परग्रहांवर लीलया वावरणारा लेखक, पण काहीही न करणाऱ्या पेटीपुढे त्याचं काही चालेना.

हे सगळं मी रात्रीच्या जेवणाला सांगितलं. अप्पा आमटी भुरकत ऐकत होते. अप्पा महापालिकेच्या मलनिस्सारण खात्यातून निवृत्त झालेत.

"यात नवीन काय?" ते म्हणाले. "आमच्याकडे फाइल उघडली की असाच एक हात यायचा."

खरी पंचाईत चौथ्या दिवशी झाली. पेटी बिघडली. बटण दाबलं, हात आला, बटणापासून दोन सूत अलीकडे थांबला आणि तसाच थरथरत राहिला. मी विकणाऱ्यांना फोन लावला.

"सर, प्रॉडक्ट चालू होतंय का?"

"होतंय."

"मग प्रॉब्लेम काय आहे, सर?"

"बंद होत नाहीये."

"सर, वरती बटण असेल, ते बंद करा ना."

"ते मी नाही करायचं. त्यानं करायचं."

पलीकडे शांतता. मग अत्यंत मृदू आवाजात : "सर, घरात दुसरं कुणी आहे का बोलायला?"

बदली पेटी मिळणार नव्हती, कारण त्यांच्या नोंदीप्रमाणे वस्तू चालू स्थितीत होती. मी हताश होऊन पुन्हा मोबाइलमध्ये शिरलो. तिथे जपानच्या केंजी कावाकामीने सांत्वन केलं. त्याने 'चिंदोगू' नावाचा प्रकार काढला : खरोखर बनवलेल्या, पण वापरता न येणाऱ्या वस्तू. गरम शेवया निववायला पंखा लावलेल्या चॉपस्टिक्स. रांगत्या बाळाच्या अंगात घालायचं, फरशी पुसत जाणारं झबलं. (आईला हे एकदम पटलं. माझ्या वेळी मिळालं नाही, याची तिला हळहळ वाटली.) चिंदोगूचे दहा नियम आहेत. त्यांतला एक असा की वस्तू विकता कामा नये. तरी १९९५मधल्या त्याच्या पुस्तकात निरुपयोगी म्हणून छापलेली एक काठी पुढे जगभर खपलीच. टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायची काठी. मला वाटतं, चिंदोगू आमच्या स्वयंपाकघरातही आहेत, फक्त आणताना ते उपयोगी म्हणून आणलेले असतात. केळ्याच्या एकसारख्या चकत्या पाडणारं एक यंत्र खणात आहे. आमच्या घरी केळं उभ्याउभ्या खातात.

अप्पा मात्र माझ्या मोबाइलमध्ये डोकावले, ते तिसऱ्याच माणसासाठी. रूब गोल्डबर्ग. याने १९०४मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी व गटार खात्यात नोकरी धरली. "गटार" या शब्दाला अप्पांनी चष्मा लावला. सहाएक महिन्यांत नोकरी सोडून तो वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायला गेला, हे कळल्यावर काढलाही. पण १९३१चं ते रुमालाचं चित्र मी त्यांना दाखवलंच. सूप प्यायला चमचा उचलला की दोरी ओढली जाते, दोरीनं पळी उडते, पळीतलं बिस्कीट पोपटासमोरून जातं, पोपट झेपावतो, दांडी कलून दाणे बादलीत सांडतात, त्या वजनानं लायटर पेटतो, लायटरनं दिवाळीतल्यासारखा बाण सुटतो, बाणाला बांधलेला विळा दुसरी दोरी कापतो आणि मग कुठे रुमाल डुलत येऊन तोंड पुसतो.

अप्पांनी ते दोनदा नीट पाहिलं.

"हुशार माणूस. राहिला असता तर वर गेला असता. प्रत्येक टप्प्याला वेगळा कंत्राटदार लावता येतो."

मग त्यांना मी 'ओके गो' या अमेरिकी बँडचं २०१०चं गाणं लावून दिलं. गोल्डबर्गच्या चित्रासारखी साखळी एका गोदामात खरोखर उभारलेली, डॉमिनोपासून फुटणाऱ्या टीव्हीपर्यंत, आणि तिचं चित्रण मनासारखं व्हायला साठाहून जास्त वेळा पहिल्यापासून मांडामांड. गाणं कसलं आहे, हे अप्पांनी विचारलंच नाही. "साठ वेळा?" एवढंच म्हणाले, आणि माझ्या टेबलावरची पेटी उचलून घेऊन गेले.

तासाभराने त्यांच्या खोलीतून खट् आवाज आला. मग पुन्हा खट्. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा त्यांनी त्या हाताला बोटासारखा चिकटवला होता. दोन सूत भरून निघालं होतं. बटण दाबलं, हात आला, बंद करून गेला. अप्पांनी निर्विकारपणे पुन्हा दाबलं.

पेटी आता त्यांच्याच खोलीत असते. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की मधूनमधून खट् ऐकू येतं, चर्चेचा कार्यक्रम असला तर जरा जास्त. परवा तिचे सेल संपले. त्यांनी कुणालाही न विचारता स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे काढून घातले. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात सव्वाअकरा वाजलेत.