कुंपणावरची प्रवेश फेरी

काकूंचं कढीपत्त्याचं झाड आमच्या हद्दीत वाकलंय. त्यामुळे पानं आमची की त्यांची, हा प्रश्न सोळा वर्षं सुटलेला नाही आणि तो सुटू नये असंच दोन्ही घरांना वाटतं. पानं तोडायच्या निमित्तानं मी कुंपणाशी गेले की काकू पलीकडे हजर. कधी हातात सूप, कधी चहाचा कप.

परवा मात्र मी पानांसाठी गेले नव्हते. हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. लेक बारावी झाली, सीईटीचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांत अकरा कॉलेजांनी चकचकीत पुस्तकं घरी धाडली. आमचा पत्ता आणि फोन नंबर त्यांना कुणी दिला, देव जाणे. काकू निवृत्त हेडक्लार्क. हायवेवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी प्रवेश विभागात.

"आण इकडं," म्हणत त्यांनी वरचं एक उचललं. उघडलं नाही, आधी अंगठ्यानं कागद चोळून पाहिला. "कागद भारी आहे. कपाटात अंथरायला ठेव. आता सांग, यातलं कुठलं आवडलं?"

"हे. 'नॅक ए प्लस' आहे की हो."

"कधीचं?"

"म्हणजे?"

"अगं, दूध घेताना पिशवीवरची तारीख बघतीस ना? नॅक कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देतं, ती साधारण पाच वर्षांची असते. प्रमाणपत्रावर अमुक तारखेपर्यंत वैध असं छापलेलं असतं. यात कुठं तारीख दिसते का बघ."

मी पानं उलटली. ए प्लस तीन ठिकाणी होतं, एकदा सोनेरी अक्षरांत. तारीख कुठंच नव्हती.

"नसणारच," काकू म्हणाल्या. "आम्हीच काढायचो ना." आणि इकडं तिकडं बघून आवाज खाली आणला. वास्तविक गल्लीत एक मांजर सोडता कुणी नव्हतं. "कुणाला बोलू नको हं. एका वर्षी आमचं माहितीपत्रक जानेवारीतच छापखान्यात गेलं. श्रेणी होती 'ए'. मार्चात तिची मुदत संपली. पुढच्या फेरीचा स्वमूल्यांकन अहवाल अजून आमच्याच कॉम्प्युटरात अर्धवट पडलेला. मे महिन्यात चार हजार प्रती टेम्पोतून उतरल्या, मलपृष्ठावर हे मोठं 'ए'. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, बाई, आपण पुढच्यासाठी अर्ज करणारच आहोत ना? मी म्हटलं, सर, मुलगी बघायला जाणार म्हणजे लग्न झालं असं नव्हे."

"असं म्हणालात? प्राचार्यांना?"

"मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, सर, नॅकची समिती येईल तेव्हा तिच्या टेबलावरही हेच पुस्तक जाईल. तेव्हा कुठं त्यांना घाम फुटला. पालकांची भीती नव्हती गं, समितीची होती. मग दोन दिवस अख्खं ऑफिस, शिपायापासून ग्रंथपालापर्यंत, चार हजार प्रतींवर स्टिकर चिकटवत बसलं. 'नॅक मूल्यांकन प्रक्रियेत' असं लिहिलेले. आणि नेमका त्या साली पाऊस लवकर आला. डिंक सुटला, स्टिकर सुटले. पालक टेबलाशी उभं राहून नखानं खरवडायचे. खाली 'ए' दिसलं की खूश व्हायचे! त्यांना वाटायचं, कॉलेज बिचारं विनयानं झाकतंय."

मी इतकी हसले की फांदीवरचं पाणी डोक्यावर पडलं. पण काकू हसल्या नाहीत. दुसरं पुस्तक उचललं.

त्याच्या मुखपृष्ठावर होतं: एनबीए मानांकित संस्था. काकूंनी त्यावर नख मारलं. "ही बघ खरी गंमत. एनबीए संस्थेला मानांकन देतच नाही, एकेका अभ्यासक्रमाला देतं. मेकॅनिकलला वेगळं, सिव्हिलला वेगळं. यांच्या सहा शाखा आहेत. मानांकन मिळालं असेल दोघींना. घरातल्या एका पोरानं बक्षीस आणलं आणि दारावर पाटी लावली सगळ्या भावंडांची. तुझ्या लेकीला काय हवंय?"

"एआय अँड डेटा सायन्स."

"यांच्याकडं ती शाखा कधी सुरू झाली?"

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी.

"म्हणजे पहिली तुकडीसुद्धा अजून बाहेर पडली नाही. आणि निदान दोन तुकड्या पास होऊन बाहेर पडल्याशिवाय एनबीएकडं अर्जच करता येत नाही. म्हणजे मुखपृष्ठावरच्या त्या शिक्क्याचा तुझ्या लेकीशी काडीचा संबंध नाही. पण बघ हं, छापलंय ते अगदीच खोटंही नाही. हीच तर कला आहे! खोटं कुणी छापत नाही गं. खरं छापतात, फक्त अर्धं."

एवढ्यात लेक बाहेर आली. अकरा पुस्तकांपैकी तिला मनापासून आवडलेलं तिसरं होतं, बेचाळीस लाखांच्या पॅकेजवालं. "आजी, हे बघा ना. शंभर टक्के प्लेसमेंट."

"चांदणी आहे का त्यावर?"

होती. शंभर टक्क्यांच्या डोक्यावर एक बारीक चांदणी आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, 'पात्र व इच्छुक विद्यार्थ्यांपैकी'.

"पात्र कोण ते कॉलेज ठरवणार. इच्छुक कोण तेही तेच ठरवणार. तीन मुलाखतींत नापास झालेलं पोर चौथ्या वेळी कंटाळून आलं नाही की ते इच्छुक राहत नाही. मुलगी बघायला आलेले मुलाकडचे पगार सांगताना 'साधारण' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. फोन काढ तुझा. यांच्या संकेतस्थळावर एनआयआरएफ नावाची फाईल असेल, ती उघड."

मला वाटलं होतं एनआयआरएफ म्हणजे नुसता क्रमांक. सरकारची क्रमवारी, पहिली 2016 साली लागली, त्यात आयआयटी वर असतात, एवढंच. काकूंनी सांगितलं की क्रमांक येवो न येवो, भाग घ्यायचा तर कॉलेजला आकडे भरून द्यावे लागतात आणि ते आपल्या संकेतस्थळावरही ठेवावे लागतात. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली आणि नोकरीवाल्यांचा मध्यक पगार किती.

"मध्यक म्हणजे मीडियन," लेक म्हणाली. गणितात तिला शंभराला अठ्ठ्याण्णव होते, पण हा शब्द तिनं पहिल्यांदाच कामाला आणला असावा.

"हां. नोकरी लागलेल्या पोरांना पगाराप्रमाणं रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधल्याला विचारायचं, बाळा तुला किती मिळतात? बेचाळीस लाखवालं पोर रांगेच्या टोकाला एकटं उभं असतं. त्याचा फोटो छापतात."

फाईल निघाली. एकशे ऐंशी पास, एकाहत्तर नोकरीला, बावीस पुढच्या शिक्षणाला. मध्यक पगार साडेतीन लाख. लेकीनं बेरीज-वजाबाकी केली, फोन खाली ठेवला आणि कढीपत्त्याचं एक पान तोडून चघळत बसली.

"पण काकू, हे सगळं बघायला कुणी वर नाही का?" मी म्हटलं.

"आहेत की, भरपूर आहेत. यूजीसीचे 2023 चे नियम काढून बघ. प्रवेश सुरू व्हायच्या निदान साठ दिवस आधी जागा, फी, पात्रता, शिक्षक कोण, सगळं जाहीर करायचं. आणि माहितीपत्रकात खोटं किंवा दिशाभूल करणारं छापलं तर ती रीतसर तक्रार धरली जाते. आधी तक्रार निवारण समितीकडं, मग लोकपालाकडं. जाहिरातवाल्यांची ती मुंबईची परिषद आहे ना, 1985 पासूनची, ॲस्की. त्यांचंही म्हणणं हेच. किती नोकरीला लागले सांगता, तर किती पास झाले तेही सांगा. क्रमांक सांगता, तर कुणी दिला आणि कधी दिला ते सांगा. इमारतीचे फोटो खरे द्या. नियमांचा दुष्काळ नाही गं बाई. पण दर जूनला ते प्रूफ शेवटी कुणाच्या टेबलावर येतं? क्लार्कच्या. आणि मालकाच्या पुतण्याच्या जाहिरात कंपनीनं केलेल्या मुखपृष्ठावर क्लार्कनं लाल रेघ मारायची?"

मी गप्प बसले. काकूंच्या 'पुतण्या' या शब्दात बरीच वर्षं साठलेली होती.

"तुम्ही मारायचात?"

"शुद्धलेखनावर मारायची. 'उज्वल'ला दोन ज द्या म्हणायची. तेवढ्यावर निभायचं."

मग मी ऐकलेली बातमी काढली, कारण कुंपणावर कुणी एकटंच शहाणं ठरलं की गप्पा रंगत नाहीत. "नॅकचं तरी काय खरं धरायचं? 2025 च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतलीच माणसं लाचेच्या प्रकरणात धरली ना? आंध्रातल्या एका संस्थेला ए डबल प्लस द्यायच्या सौद्यात?"

"धरली. जेएनयूचे एक प्राध्यापकही होते त्यात. त्या दिवशी मी जेवले नाही." काकूंनी हे इतक्या सहज सांगितलं की आधी मला तो विनोदच वाटला. "एकतीस वर्षांत तीन समित्यांसाठी फायली लावल्या मी. रात्री दहा-दहापर्यंत. एकेक हजेरीपत्रक, एकेक पावती. आणि तिकडं लोक सोनं घेत होते."

चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच जास्वंदीच्या बुंध्याशी ओतला.

"कोर्टात गेलं तर?" लेकीनं विचारलं.

"पाटण्याचं एक दंतवैद्यक कॉलेज होतं. 1993 साली पेपरात जाहिरात दिली बीडीएसची. ना विद्यापीठाची संलग्नता, ना दंत परिषदेची मान्यता. पोरांनी वर्षं घालवली, मग ग्राहक आयोगात गेली. सर्वोच्च न्यायालयानंही पोरांच्या बाजूनं निकाल दिला."

"कधी?"

"2009."

लेकीनं पुन्हा वजाबाकी केली. सोळा.

यानंतर जे निघालं त्यानं मात्र माझ्याच पोटात गोळा आला. आमचं जवळजवळ ठरलेलं होतं पुण्याकडचं एक खाजगी विद्यापीठ. समुपदेशक म्हणवणारी एक मुलगी रोज फोन करायची, मला 'मॅम' म्हणायची. पुस्तकात गुलाबी चौकट होती, 'मुलींसाठी शासकीय शुल्क सवलत योजनांबाबत मार्गदर्शन'. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. 2024-25 पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, हे मला ठाऊक होतं. मी हिशेब त्यावरच मांडला होता. आमच्या ह्यांनी तर वहीतही लिहून ठेवलं होतं, फी शून्य, फक्त हॉस्टेल.

काकूंनी गुलाबी चौकट दोनदा वाचली. "हे विद्यापीठ खाजगी आहे ना? स्वयंअर्थसहाय्यित?"

"हो. पण सवलत लिहिलीय की."

"मार्गदर्शन लिहिलंय. सवलत मिळेल असं कुठं लिहिलंय? अगं, ती माफी कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या मुलींना. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलीत. संस्था पातळीवरचा नि मॅनेजमेंट कोट्याचा प्रवेशही वगळलाय. शासन निर्णयातच आहे. तिथं गेलीस तर ते तुला मार्गदर्शन करतील, की बाई, तुम्हाला मिळत नाही."

मी कुंपणाला टेकले. वर्षाला पावणेतीन लाख, चार वर्षं.

"पैसे भरलेस?"

"नाही. सोमवारी भरणार होतो. पंचवीस हजार, जागा राखायला. मूळ दाखलेही मागितलेत."

"दाखले अजिबात देऊ नको. ते अडकवून ठेवायचे नाहीत असं यूजीसीनं 2018 मध्येच सांगितलंय. आणि त्या मॅम म्हणणारीला सांग, ही सवलत आम्हाला लागू आहे एवढं कॉलेजच्या ईमेलवरून लिहून पाठव. फोनवर नको."

मी तिथूनच फोन लावला. मुलगी म्हणाली, 'शुअर मॅम, सीनियरना विचारून कळवते.' हे झालं परवा. आज तिसरा दिवस. रोज येणारा फोन बंद आहे.

काकूंनी उरलेली पुस्तकं चाळायला घेतली, आता नुसती चित्रांसाठी. वसतिगृहाच्या चित्रात आकाश इतकं निळं होतं की त्या म्हणाल्या, हे सांगली जिल्ह्यातलं नव्हे. एका पानावर हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मुलं होती. "जूनमध्ये इथं बसतील तर चिखलात रुततील." मग एका पानावर थांबल्या. प्रयोगशाळा, पांढरा ॲप्रन, डोळ्यांवर तो पारदर्शक चष्मा. एक मुलगी काचेच्या नळीतलं निळं पाणी उजेडाकडं धरून हसतेय. खाली ओळ, 'आमची विद्यार्थिनी, आमचा अभिमान'.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"अगं, ही कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची धाकटी ना?"

मी वाकून पाहिलं. तीच होती. गालावरचा तीळसुद्धा.

"पण ती तर कॉमर्सला होती," लेक म्हणाली. "आणि या कॉलेजात कधीच नव्हती. मागच्या वर्षी तिचं बी. कॉम. झालं, इथंच."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. काकूंनी पुस्तक मिटलं, काखेत मारलं आणि चपला शोधायला लागल्या.

"तू कूकर बंद करून ये," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई या वेळी अंगणातच असतात."