दहापैकी सहा

(रंगमंचावर एक खुर्ची, एक स्टूल, स्टुलावर मोबाइल. कलाकार चुरगळलेला कुर्ता घालून येतो.)

कुर्त्याकडे बघू नका. म्हणजे बघा, पण नावं ठेवू नका. बिचारा नुकताच कैदेतून सुटून आलाय.

आमचं वॉशिंग मशीन. पुढून दार उघडणारं. एके दिवशी धुता धुता मध्येच गप्प झालं. आत पाणी, पाण्यात कपडे आणि दार लॉक. काचेतून सगळे दिसतायत. आईची साडी, बायकोचा ऑफिसचा ड्रेस, हा कुर्ता... काचेला नाक लावून बाहेर बघतायत. बायको म्हणाली, "फोन कर." घरातल्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करण्याची माझी क्षमता तिथेच संपते.

फोन लावला. (मंजुळ आवाजात) "हिंदी के लिए एक दबाइए. फॉर इंग्लिश, प्रेस टू. मराठीसाठी तीन दाबा." मी तीन दाबला. छाती पुढे काढून दाबला. मग ढोलकीचं म्युझिक ऐकलं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे ऐकलं, परत ढोलकी ऐकली, आणि अखेर माणूस आला. "जी सर, बताइए, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?"

म्हटलं, "अहो, मी तीन दाबला होता!"

"जी सर. इधर तीन ही दिख रहा है."

(थांबतो.) पुढे काय बोलणार?

आणि यांना खेद फार लवकर होतो हो. मी म्हणालो, "आमचं मशीन..." "खेद है सर." "...मध्येच थांबलं..." "मैं समझ सकता हूँ सर." अरे, मशीनसमोर उभा राहून मला समजत नाहीये, तुला तिथे बसून काय समजलं?

शेवटी एकदाचा तक्रार क्रमांक मिळाला. कालनिर्णयवर लिहून घेताना एकादशी ओलांडून पार संकष्टीपर्यंत गेला. "सर, कल दस से छह के बीच में टेक्निशियन आएगा." म्हणजे रजा टाकणं आलं. सत्यनारायणाला गुरुजींची वाट बघावी तसा सकाळपासून बसलो. आंघोळीला जायची सोय नाही, बेल वाजली तर? दुपारी मोबाइल वाजला. मेसेज. (मोबाइल उचलून वाचतो.) "आमचे तंत्रज्ञ आपल्या घरी आले होते. ग्राहक उपलब्ध नसल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. धन्यवाद."

मी आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "अरे, मग तू कुठे गेला होतास?"

"आई! मी तुझ्यासमोर बसलोय!"

"हो, पण त्यांनी लेखी कळवलंय."

आई निवृत्त शिक्षिका. लेखी आलं की तिच्या दृष्टीनं विषय संपला.

मग माझ्यातला नागरिक जागा झाला. आपल्याकडे कायदा आहे म्हटलं! ग्राहक संरक्षण कायदा, १९८६. त्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती २४ डिसेंबरला, म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. त्या कायद्याच्या आधी ग्राहकाला नुसतं भांडता यायचं, आता तारीख घेऊन भांडता येतं. पुढे २०१९ मध्ये नवा कायदा आला. आणि हेल्पलाइन आहे, १९१५. मी ती फिरवली नाही. कस्टमर केअरला नुसतं म्हणालो, "आता मी एक-नऊ-एक-पाचला फोन करतोय." पलीकडे पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या खेदाची शांतता पसरली.

हे धमकीचं शास्त्र मी मोबाइल कंपनीकडून शिकलो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली २० जानेवारी २०११ ला. वर्षानुवर्षं इमानदारीत बिल भरलं तर मेसेजसुद्धा येत नाही. पण १९०० ला 'पोर्ट' असा एक एसएमएस टाका, लगेच फोन! "सर, क्या हुआ? हमसे कोई गलती हुई?" बायकोनं कधी इतक्या मायेनं विचारलं नाही. (विंगेत बघून) नाही, विचारते. विचारते.

असो. दुसऱ्या दिवशी दारात पोरगा हजर. घामानं भिजलेला, पाठीवर भली मोठी बॅग. अजून उंबऱ्याच्या बाहेरच, आणि पहिलं वाक्य काय? "सर, हॅपी कोड द्या."

"काय?"

"हॅपी कोड. चार आकडी. तुमच्या मोबाइलवर आलाय. तो टाकला की कंप्लेंट क्लोज होते."

"अरे, तू अजून मशीन कुठे बघितलंयस?"

"बघतो ना सर. आत गेल्यावर रेंज जाते."

मी मोबाइल बघितला. खरंच आला होता! तक्रार नोंदवली त्याच क्षणी कंपनीनं माझा आनंदही पाठवून दिला होता. मी इकडे चिडून लाल, आणि माझ्याच खिशात चार आकडी आनंद पडून!

पण पोरगा कामाचा निघाला हं. मला वाटलं होतं, आता म्हणणार 'पीसीबी गेला'. मशीन कुठलंही असो, यांच्याकडे आधी पीसीबी जातो. हा गुडघ्यावर बसला. मशीनच्या पुढच्या अंगाला, अगदी खाली, एक चिमुकलं झाकण होतं. इतकी वर्षं मशीन घरात, ते झाकण कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं जुना टॉवेल मागून घेतला, खाली पसरला, आतलं गोल बूच हळूहळू फिरवलं. भसकन करडं पाणी! मग दोन बोटं आत घालून एकेक वस्तू बाहेर. केसांचा गुंता. ब्लाउजचा हुक. एक आकडा. बस-तिकिटाचा लगदा. आणि पंपाच्या पात्यात अडकून बसलेलं एक रुपयाचं नाणं.

कट्! दार उघडलं. कुर्ता बाहेर आला. आईनं नाणं धुतलं, पदराला पुसलं आणि स्वतःच्या बटव्यात टाकलं. कोणाचं होतं यावर चर्चा झाली नाही.

पोरगा फरशी पुसून उठला आणि हळूच म्हणाला, "मावशी, आता मेसेज येईल. दहापैकी मार्क विचारतील. दहाच द्या हां. आठ नको."

(प्रेक्षकांकडे बघत) दहापैकी दहा! कोणाकडे मागतोय हा? या बाईनं आयुष्यभर मराठीचे पेपर तपासलेत. पैकीच्या पैकी कधी कोणाला दिले नाहीत. माझ्या लग्नात सुनेकडे बघून म्हणाली होती, "छान आहे. सुधारणेला वाव आहे."

तिनं चष्मा लावला, विचार केला आणि सहा दाबला. पोराचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "अरे, असं तोंड काय करतोस? फर्स्ट क्लास दिलाय!"

आता गंमत बघा. हे मार्कांचं गणित मांडलं अमेरिकेत, फ्रेड रायकहेल्ड नावाच्या गृहस्थांनी, २००३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये. नऊ-दहा देणारा तो आपला चाहता. सात-आठ देणारा हिशेबातच नाही. आणि शून्यापासून सहापर्यंत सगळे एकाच पोत्यात: नाराज! आपल्या बोर्डात पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंचाहत्तरला डिस्टिंक्शन. म्हणजे डिस्टिंक्शन देणारा यांच्या खिजगणतीत नाही आणि फर्स्ट क्लास देणारा थेट शत्रू! हे गृहस्थ डोंबिवलीत राहिले असते तर हे गणित जन्मालाच आलं नसतं. इथे नाटक अगदी उत्तम झालं तरी आपण बाहेर पडताना काय म्हणतो? "बरं होतं." आत्तासुद्धा तुम्ही तेच म्हणणार आहात.

तासाभरात फोन. "नमस्कार मॅडम, मी सर्व्हिस मॅनेजर बोलतोय." स्वच्छ मराठी! म्हणजे मराठीसाठी तीन नाही, सहा दाबायचा असतो!

आईनं स्पीकर लावला. "मॅडम नको, बाई म्हण."

"बाई, तुम्ही सहाच दिलेत. आमचं कुठे चुकलं?"

"हे बघ. सहा गुण कामाला आणि चार गुण कंपनीला, अशी माझी विभागणी. पोरानं काम केलं, वर फरशी पुसली. त्याला सहापैकी सहा. कंपनीनं 'ग्राहक घरी नाही' असं खोटं लिहिलं. कंपनीला चारपैकी शून्य. त्याच्या पगाराला हात लावशील तर तुझेही काढीन."

"नाही, नाही, बाई. पण... थोडे वाढवता येतील का? वरून विचारतात आम्हाला."

"येतील की. आधी गुणपडताळणीचा अर्ज कर. मग उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी वेगळा. मग पुनर्मूल्यांकनाचा. तिन्हीची फी वेगवेगळी. अर्ज स्वतः आणून द्यायचे, दहा ते सहाच्या दरम्यान."

"घरी असाल ना, बाई?"

"मी कुठे जाणार? घरीच असेन. पण तू येऊन बेल वाजवलीस तरी 'बाई उपलब्ध नव्हत्या' असं तुला लेखी कळवीन."

(अंधार.)