मजला चढवण्याचा शास्त्रोक्त विधी

वरच्या मजल्याची तयारी खालचा स्लॅब पडतो त्याच दिवशी सुरू होते. कॉलमच्या सळया दीड-दोन फूट मोकळ्या सोडाव्यात आणि 'पुढंमागं चढवता येईल' असे म्हणत पेढे वाटावेत. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे काहीही करू नये. तोवर सळयांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालाव्यात, दोन सळयांना वाळवणाची दोरी बांधावी, तिसरीला डिशची छत्री आवळावी. कऱ्हाडच्या पावसात सळया गंजतात, पण त्या कापून टाकू असे सुचवणाऱ्याला 'म्हणजे तुला वेगळं व्हायचंय?' एवढेच विचारले जाते.

धाकट्याचे लग्न ठरले की विषय निघतो. अशा वेळी इंजिनिअरला सगळ्यांत शेवटी बोलवावे. आधी मिस्त्री. तो गच्चीवर टाच आपटतो आणि सांगतो, "दोन घ्या की दादा, काय होत नाय." मग मामा. त्यांच्या मते ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात आपल्या गल्लीतली एक भिंतसुद्धा पडली नाही. आपले घर १९९४ चे आहे, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

इंजिनिअर आला की पाया किती खोल, फुटिंग केवढे, नकाशा कुठे, असे नको ते विचारतो. नकाशा पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्यांच्या खाली असतो आणि ट्रंकेची किल्ली आत्याकडे असते. गंज खरवडून सळया तपासल्यावर तो म्हणतो, जोडाला सळईच्या जाडीच्या साधारण पन्नासपट लांबी हवी, म्हणजे १२ मिलिमीटरला दोन फूट. आपल्याकडे धड उरलेली एक फूट. मग कॉलम फोडून आतली सळई उघडी करा, नाहीतर ड्रिल मारून केमिकलने नवी बसवा. त्याची फी ऐकून 'एवढ्यात वाळूची खेप आली असती' असे घरातला कोणीतरी म्हणतोच. म्हणू द्यावे, पण फी द्यावी. या सबंध विधीत पैसे वसूल होणारी ही एकच जागा आहे.

नगरपालिकेची परवानगी घ्यावी. एवढे वाचूनही लोक आधी विटा टाकतात, म्हणून त्यावर जास्त शाई घालवत नाही.

आता जिना. खोल्या, खिडक्या, फरशी यांवर आठवडाभर भांडावे. जिन्यावर सहा महिने राखून ठेवावेत. जिना आतून काढला तर देवघराचा कोपरा जातो आणि रात्री कोण किती वाजता आले ते खाली सगळ्यांना कळते. बाहेरून काढला तर वाण्यापासून पेपरवाल्यापर्यंत जो तो विचारतो, "वाटण्या झाल्या का हो?" तोडगा असा : जिना बाहेरून काढावा, पण त्याची पहिली पायरी पडवीतून सुरू करावी. म्हणजे एकत्र कुटुंबही राहते आणि धाकटीला चपला हातात घेऊन वर जाता येते.

पायऱ्यांचे गणित सोपे आहे. दहा फूट चढायला सहा इंचांच्या वीस पायऱ्या लागतात, पण तेवढी लांबी धरली तर मोटारसायकल उभी करायची जागा जाते. साडेसात इंचांच्या सोळा बसतात. पण सोळा ही सम संख्या, आणि वास्तूवाल्याला विषम हवी. म्हणून पंधरा. दर पायरी आठ इंच.

वर स्वयंपाकघर करायचे नाही, हे सर्वांसमक्ष ठरवावे. 'फक्त चहापुरता ओटा' असा शब्दप्रयोग करावा आणि प्लंबरला बाजूला घेऊन सिंकची मोठी लाइन टाकायला सांगावे. वेगळ्या मीटरचा विषय मात्र घरातल्या कोणी काढू नये, त्यासाठी जावई असतात.

स्लॅब पडल्यावर आळी करून पाणी साचवावे लागते. हे काम वडील कोणाला देत नाहीत. शिडीवरून पाइप घेऊन दिवसातून तीनदा वर जातात आणि पाणी आटले की धाकट्याला फोन करून सांगतात. पुढे जिना होतो, फरशी बसते, वास्तुशांती ठरते आणि त्याच आठवड्यात त्यांचा गुडघा सुजतो.

अशा वेळी वरचा मजला त्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवावा. सुरुवात थेट गॅलरीपासून करावी. जिना त्यात येऊ देऊ नये.